जावेची बुद्धी मोजली तेव्हा

माझी धाकटी जाऊ आमच्या घरात आली तेव्हा मी बी.ए. झालेली होते आणि ती आठवी पास. हे मी सगळ्यात आधी सांगते आहे, कारण त्या दिवसांत मी कुणालाही सगळ्यात आधी हेच सांगायची. शेजारीण ताक मागायला आली तरी बोलता बोलता माझ्या तोंडून निघायचंच, "हिची आठवीच झाली. माझ्या वेळेस शिक्षण पाहिलं होतं या लोकांनी, हिच्या वेळेस कोणी काही विचारलं नाही."

आमचं घर गुडीहत्नूरपासून जवळच, महामार्गावरून आत वळणाऱ्या रस्त्यावर. भाजीपाल्याचं घर. वांगी, टमाटे, मेथी, पावसाळ्यात दोडके. सासरे आणि दोघं भाऊ वावरात, सासूबाई बाजारात. मी आदिलाबाद शहरातली. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकले, पुढं तेलुगू माध्यमात. त्यामुळं या घरात तेलुगू धड वाचू शकणारी मी एकटीच होते. मंडल ऑफिसातून सरकारी कागद आला, फवारणीच्या औषधाची बाटली आली, की मामाजी ती माझ्यापुढं धरायचे. "पाय वं सूनबाई, काय लिव्हलं हाय यात." मी चुलीपासून उठायची, हात पुसायची, आणि सगळे गप्प बसून ऐकायचे. घरातली माझी जागा हीच होती आणि मला ती आवडत होती.

जाऊ पैनगंगेपलीकडची. तिला तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. पहिले शब्द मीच शिकवले. उल्लिगड्ड म्हणजे कांदा, वंकाय म्हणजे वांगं. ती भाजी निवडता निवडता पुटपुटत राहायची. चार महिन्यांनी मी सासूबाईंसोबत बाजारात गेले तर ही तेलुगू बायकांशी हसून भांडत होती, भाव पाडणारीला टोमणे मारत होती. माझं तेलुगू पुस्तकातलं. मी बोलले की त्या बायका मला हसून 'टीचरम्मा' म्हणायच्या. हिला त्या 'अक्का' म्हणत होत्या. मी त्या दिवशी टोपल्यांमागं बसून राहिले आणि उन्हानं डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

मग ठिबकचा प्रसंग झाला. वांग्याच्या वावरात नळ्या टाकल्या होत्या, पण शेवटच्या ओळींना पाणी पोचत नव्हतं. मोटार कमजोर झाली असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. दोनदा मेकॅनिक येऊन गेला. त्या दिवशी आम्ही दोघी तोडणीला गेलो होतो. जावेनं डोक्यावरची टोपली उतरवली, वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "मामाजी, साऱ्या नळ्या एकाच वक्ती कायले सोडता? अर्ध्या बंद करून पाहा ना. एक भाकर चौघीत वाटली त शेवटचीले काय उरन?"

मामाजींनी मधे कॉक बसवून घेतला. आधी अर्धं वावर, मग अर्धं. पाणी शेवटच्या झाडापर्यंत गेलं. रात्रीचं जेवण वाढताना ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "डोकं हाय पोरीले."

मी तव्यावर भाकरी टाकत होते. मला ते नेहमी 'शिकलेली' म्हणायचे. पाहुण्यांना सांगायचे, आमची थोरली सून शिकलेली हाय. मला वाटायचं शिकलेली म्हणजेच डोकं असलेली. त्या संध्याकाळी कळलं की त्यांच्या मनात या दोन गोष्टी वेगळ्या होत्या, आणि सहा वर्षांत त्यांनी दुसरा शब्द माझ्यासाठी एकदाही वापरला नव्हता. भाकरी करपली. सासूबाई म्हणाल्या, "ध्यान कुठं हाय?"

त्यानंतर मला दुसरं काही दिसेनासंच झालं. ती काय बोलते, कोण हसतं, कोण मान डोलवतं, मी मोजत राहायची. एकदा वांग्याची झाडं मर रोगानं उभीच्या उभी वाळायला लागली. सगळे औषधाच्या गोष्टी करत होते. ती म्हणाली, "बांधावरची रानवांगी काऊन नाई मरत? तिचंबी मूळ त याच मातीत हाय." दीर हसला. मीही हसले, जरा जास्तच मोठ्यानं. पण मनातून मला ठाऊक होतं की प्रश्न बरोबर आहे, आणि मला हा प्रश्न दहा वर्षं त्या बांधावरून चालले असते तरी पडला नसता.

बी.एड.ला मी त्याच वर्षी नाव घातलं. मला शिकवण्याची ओढ आहे असं मी घरी सांगितलं. नवऱ्यानं विरोध केला नाही. आदिलाबादला रोज बसनं जायचं-यायचं, म्हणजे सकाळचं सगळं काम जावेवर पडणार होतं. तिनं एका शब्दानं कुरकुर केली नाही. मी साडी नेसेपर्यंत ती माझा डबा बांधून ओट्यावर ठेवायची. मला तिचा रागही करता येईना.

मानसशास्त्राचा पेपर शिकवायला ज्या मॅडम होत्या त्या वरंगलकडच्या. साधी सुती साडी, हळू आवाज. पुस्तक तेलुगूतलं. मी वहीत समासात मराठी शब्द लिहीत जायची. प्रज्ञ म्हणजे बुद्धी. प्रेरण म्हणजे प्रेरणा. विचार करण्याला तेलुगूत आलोचना म्हणतात. हिंदीत आलोचना म्हणजे दुसऱ्याचे दोष काढणं, आणि माझं त्या वर्षातलं विचार करणं ते तेवढंच होतं. भावनेला शब्द होता उद्वेगम. आपल्या मराठीत उद्वेग म्हणजे फक्त जिवाची तगमग. आनंद, भीती, माया असल्या सगळ्या भावनांना तो एकच शब्द पाहून मी वर्गात हसले होते. शेजारणीनं विचारलं काय झालं, मी सांगितलं नाही.

प्रेरणेच्या तासाला मॅडमनी सगळ्यांना एका कागदावर लिहायला लावलं की तुम्ही इथं का आलात. माणूस काही गोष्टी आतल्या ओढीनं करतो, काही बाहेरच्या बक्षिसासाठी, काही दुसऱ्याच्या नजरेसाठी, असं त्या सांगत होत्या. मी लिहिलं, समाजसेवा. कागद घडी करून दिला. खरं लिहायचं तर एकच ओळ होती. मामाजींनी एकदा म्हणावं, डोकं हाय.

दुसऱ्या सत्रात प्रात्यक्षिक आलं. प्रत्येकीनं एका माणसाची बुद्धिमापन चाचणी घ्यायची आणि नोंदवही लिहायची. भाषा न लागणारी चाचणी होती. एका पेटीत लाकडी ठोकळे, काही बाजू तांबड्या, काही पांढऱ्या, काही तिरप्या रेघेनं अर्ध्या-अर्ध्या. कार्डावरची नक्षी पाहून ठोकळ्यांनी तशीच नक्षी मांडायची. किती वेळ लागला ते मोजायचं. आधी वर्गात आम्ही एकमेकींवर सराव केला. मी मधल्या रकान्यात आले. साधारण. शेवटची तीन कार्डं मला वेळेत जमलीच नाहीत. माझ्यासोबतची मुलगी म्हणाली, यात काही नसतं गं, सवयीचा प्रश्न आहे. मी हो म्हटलं आणि पेटी घरी नेण्यासाठी रजिस्टरात सही केली.

कुणाची चाचणी घ्यायची हे मी बसमध्येच ठरवलं होतं. निवड अवघड नव्हती. मला आकडा पाहायचा होता. पोटात कुठंतरी अशी आशा होती की आठवी पास बाई कागदावर आठवी पासच निघेल.

दुपारी वावरातून सगळे आले, जेवले, आडवे झाले. ओसरीवर आम्ही दोघीच होतो. तिनं ठोकळे पाहिले आणि आधी उठून हात धुऊन आली.

"कोरे हायत ना, डाग पडन," ती म्हणाली. "ताई, हा खेळ हाय का परीक्षा?"

"परीक्षा. पण भ्यायचं नाही. मी मोबाईलवर वेळ लावते."

पहिली कार्डं तिनं हसत हसत मांडली. मला वाटलं आता पुढं अडेल. पुढं ती हसायची थांबली आणि तिची बोटं जास्त जलद चालायला लागली. तिरप्या रेघेचा ठोकळा तिनं हातात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "हे त वाकळीसारखं हाय. तिरपे तुकडे जोडले का चांदनी होते." तिच्या माहेरी बायका जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवतात, त्रिकोणी तुकडे जोडून. मी जिथं अडले होते ते कार्ड तिनं मांडलं. त्याच्या पुढचंही. मी पाहत होते आणि माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

शेवटच्या तीन कार्डांना तिनं नक्षी मांडून हात वर घेतला तरी मी मोबाईलवर बोट टेकवलं नाही. एकदा खाली पाहिलं, एकदा रस्त्याकडं पाहिलं, मग बोट टेकवलं. एवढ्यावरही तिचा निकाल माझ्यापेक्षा वरच आला. मग मी आत जाऊन, दार लोटून, वेळेचे आकडे खोडले आणि दुसरे लिहिले. दोन कार्डांपुढं लिहिलं, वेळेत पूर्ण नाही.

बाहेर ती ठोकळे मोजून पेटीत भरत होती. तिनं विचारलं, "ताई, कसं गेलं?"

"साधारण," मी म्हणाले. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण मी पुढं म्हणाले, "खरं म्हणजे साधारणच्या थोडं खाली. पण वाईट वाटून घेऊ नको, शिक्षण झालं नाही ना तुझं."

तिच्या चेहऱ्यावर फार काही झालं नाही. ती "हां, बराबर हाय" म्हणाली. पेटीची कडी लावली आणि मला दिली. मी त्या संध्याकाळी फार खुशीत होते. भाजीत फोडणी घालताना गुणगुणत होते, हे मला आजही आठवतं.

आधीच्या उन्हाळ्यात तिनं मला एक गोष्ट सांगितली होती. घरी बसून बाहेरून दहावीची परीक्षा देता येते असं तिनं बाजारात ऐकलं होतं. ताई, फॉर्म निघाले का सांगजा, असं ती दोन-तीनदा म्हणाली होती. चाचणीनंतर पंधरा दिवसांनी फॉर्म निघाले. मी तिला सांगितलं. का सांगितलं ते नक्की ठाऊक नाही. बहुधा ती काय म्हणते ते ऐकायचं होतं.

"राहू द्या ताई," ती म्हणाली. "परीक्षेची फी वाया जाईन. तुमच्या पेटीनं सांगतलं ना."

मग तिचं बोलणं कमी झालं. कामाला ती तशीच वाघ होती, पण कुणी काही विचारलं की खांदे उडवायची. मामाजी नवीन वाफे कोणत्या बाजूनं काढायचे ते विचारायला लागले तर म्हणाली, "मले काय समजते त्यातलं? ताईले विचारा." ते माझ्याकडं वळले. मी काहीतरी सांगितलं. वाफे चुकीच्या उताराला निघाले, एका पावसात मेथी कुजली. कुणी मला बोललं नाही. मी शिकलेली होते, मला वावरातलं कळावं अशी कुणाची अपेक्षाच नव्हती.

मॅडमनी नोंदवही परत देताना मला थांबवलं. एका पानावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "अम्मा, ही बाई अवघड कार्डापर्यंत इतकी झपाट्यानं आली आणि मग एकाएकी इतकी मंद कशी झाली? आणि इथं आकडे खोडलेत का?"

"चुकून आधीचं कार्ड लिहिलं गेलं, मॅडम."

"ही कोण तुझी?"

"शेजारीण," मी म्हणाले.

त्यांनी पेन्सिल उचलली. मग म्हणाल्या, "चाचणी घेणाऱ्याला समोरच्याचा निकाल काय यावा असं वाटत असेल, तर त्यानं ती चाचणी घेऊ नये. एवढं लक्षात ठेव." पानावर त्यांनी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं आणि वही दिली. मी बसमध्ये ते खोडरबरनं पुसलं.

पावसाळ्यानंतर बागायत खात्याची एक बाई गावात आली. बायकांच्या गटाची, इकडे ज्याला संगम म्हणतात, त्याची बैठक भरवली. मर रोगावर उपाय म्हणून रानवांग्याच्या रोपावर चांगल्या वांग्याचं कलम बांधतात, मूळ रानटी आणि फळ आपलं, असं ती समजावून सांगत होती. बोथ गावात तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. प्रत्येक गावातून एक बाई पाठवायची होती. मी जावेकडं पाहिलं नाही. बांधावरच्या रानवांग्याबद्दलचा तिचा प्रश्न बैठकीत माझ्याशिवाय दोघी-तिघींना तरी ठाऊक होता. त्यातलीच एक बोलली, "हिले पाठवा. ही त कधीचीच म्हणून राह्यली होती हे."

सगळ्या बायका हो म्हणाल्या. जाऊ उठून उभी राहिली आणि अगदी सरळपणे म्हणाली, "मी नाई जात. माझी बुद्धी कमी हाय. ताईनं परीक्षा घेतली माझी कॉलेजच्या पेटीनं, त्यात निघालं तसं. दुसऱ्या कोनाले पाठवा."

तिच्या आवाजात माझ्याबद्दल तक्रार नव्हती. उलट अभिमान होता, की आमच्या घरात असं मोजता येणारं माणूस आहे. कुणी हसलं नाही. एक म्हातारी माझ्याकडं वळून म्हणाली, "असंबी मोजता येते का वं?" मी मान हलवली. आणि मग ठरलं की थोरलीच जाऊ दे, ती शिकलेली आहे. मी जाते म्हणाले.

तीन दिवस मी बोथला गेले. कॉलेजला आजारी असल्याचं कळवलं. पातळ पात्यानं दोन्ही रोपांना तिरपा काप द्यायचा, काप एकमेकांवर बसवायचे, वर छोटी क्लिप लावायची, आणि आठवडाभर प्लास्टिकखाली सावलीत, दमट ठेवायचं. ऐकायला सोपं होतं. माझ्या हातून रोपं चुरगळत होती. घरी येऊन मी ओसरीवर बसून रोपं बांधायला घेतली. जाऊ समोर वालाच्या शेंगा सोलत होती. शेंगांकडं तिचं लक्ष नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "ताई, दोघायचा काप सारखा नाई येऊन राह्यला. एकाचा लांब, एकाचा आखूड."

"तुला काय कळतं त्यातलं?" मी म्हणाले.

ती शेंगांचं सूप उचलून आत गेली.

आठव्या दिवशी मी प्लास्टिक काढलं. माझी जवळजवळ सगळी रोपं माना टाकून पडली होती. मी ती बाहेर काढत होते तर मागं, भिंतीला लागून, एका फुटक्या डब्यात दोन रोपं दिसली. माझ्या टाकलेल्या काड्यांतून केलेली. क्लिप नव्हती, जुन्या लुगड्याची दोऱ्याएवढी चिंधी गुंडाळली होती. दोन्हींची वरची पानं ताठ होती. एकाला तर नवा कोंब फुटला होता.

मी तिथं वाकलेली होते. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी कोंबवालं रोप धरलं आणि उपटलं.

विचार केला, ठरवलं, असं काही झालं नाही. हातानं केलं. पण हात माझाच होता. मागून आवाज आला, "ताई, ते त जगलं होतं."

ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. रोज त्या डब्यात पाणी शिंपडायला येत असणार. मी रोप हातात धरून उभी राहिले. मग मी जे बोलले ते थांबवता आलं नाही. "तुझी बुद्धी कमी नाही. मी खोटं सांगितलं. घड्याळ उशिरा थांबवलं आणि आकडे खोडले."

तिनं विचारलं, "कितीक होती मंग?"

"माझ्यापेक्षा जास्त."

"थोडी का पुष्कळ?"

"पुष्कळ."

तिनं तांब्या खाली ठेवला. मला आधी वाटलं ती रडणार. ती रडली नाही. "काऊन केलं असं?" ती म्हणाली. मी हातातल्या रोपाकडं पाहत राहिले. तशी तिनं आवाज चढवला. आमच्या घरात तिनं आवाज चढवलेला मी तोपर्यंत ऐकला नव्हता. "मीबी जळत होती तुमच्यावर. रोज सकाळी तुमी इस्त्रीची साडी नेसून बसमधी बसत होत्या, अन् मी शेन काढत होती. मले काय वाटत नसन? पन मी तुमच्या डब्यात मीठ कमी नाई घातलं कधी!"

मी म्हणाले, मला माफ कर. ती म्हणाली, "संगममधी साऱ्यायसमोर मी म्हन्लं का मी कमी हाय. तुमी तिथं बसल्या होत्या. आता तिथंच सांगा." मग उरलेलं एक रोप डब्यासकट उचललं आणि तिच्या खोलीत नेऊन ठेवलं.

पुढच्या बैठकीत मी सांगितलं. उभी राहून, पदर धरून, चार वाक्यांत. एकीनं 'अय्यो' म्हटलं. मागं 'असंबी मोजता येते का' म्हणालेल्या त्या म्हातारीनं विचारलं, "म्हंजे मोजनारीच लबाड निघाली?" हशा झाला, आणि तो माझ्यावर होता. जाऊ हसली नाही. ती जमिनीकडं पाहत होती. घरी बातमी माझ्या आधी पोचली. नवरा चार दिवस माझ्याशी तुटक बोलला. मामाजींनी नंतर आलेला एक कागद माझ्यापुढं न धरता देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवून दिला, आणि तो तिथंच पडून राहिला, तेव्हा मला कळलं.

मॅडमनाही सांगितलं. त्यांनी मला दुसऱ्या माणसाची चाचणी पुन्हा घ्यायला लावली आणि गुण कापले. "शेजारीण कोण होती ते मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "इतका राग शेजारणीचा येत नाही."

जाऊ माझ्याशी दोन महिने कामापुरतंच बोलली. डबा बंद झाला. मी पहाटे उठून माझ्या पोळ्या लाटायची. ती त्याच चुलीपाशी चहा ठेवायची आणि आम्ही एकमेकींकडं न पाहता वावरायचो. बोथच्या पुढच्या तुकडीत ती गेली. दहावीचा फॉर्मही भरला. मी शिकवते म्हणाले तर तिनं नको म्हटलं. गावातल्या एका मास्तरांच्या बायकोकडं ती दुपारी जायची. माझ्याच घरातली बाई माझ्या डोळ्यांदेखत वही घेऊन दुसऱ्या दारी शिकायला जाते, हे मला पाहावं लागलं.

ती माझ्याशी पहिल्यांदा आपण होऊन बोलली ती माझ्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. मी ओसरीवर वाचत बसले होते. तिनं विचारलं, "तुमच्या त्या पुस्तकात जळण्याबद्दल लिव्हलं हाय का?"

मी शोधलं. भावनांच्या धड्यात दीड परिच्छेद होता. मी तो तेलुगूतून मराठीत करून सांगितला, आपल्याजवळचं दुसऱ्याकडं जाईल याची भीती, दुसऱ्याचं आपल्याला हवंसं वाटणं, असं काही. तिनं नीट ऐकलं.

"एवढंच?" ती म्हणाली. "लिव्हनाऱ्याले जाऊ नसन."

मला हसू आलं. तिला आलं की नाही ते तिनं दाखवलं नाही.

ती दहावी पास झाली. गणितात तिला माझ्या दहावीपेक्षा जास्त गुण पडले. मी निकाल मोबाईलवर पाहिला, तिला सांगितला, गळ्यात पडले, आणि त्या गळ्यात पडण्यातच मला छातीत ती जुनी असूया बसलेली जाणवली. गेली नव्हती. मी आता गुडीहत्नूरला एका खाजगी शाळेत शिकवते. पाचवीतलं एखादं पोर चटकन उत्तर देतं आणि दुसरं त्याच्याकडं कसं पाहतं, ते मला लगेच दिसतं. या एका बाबतीत मी चांगली शिक्षिका आहे असं मला वाटतं.

जावेनं घरामागं हिरवी जाळी बांधून कलमी रोपांची वाडी केली आहे. लांबून माणसं येतात. मागच्या महिन्यात इंद्रवेल्लीकडून एक बाई आली. मी शाळेतून नुकतीच आले होते, साडी इस्त्रीची, खांद्याला पर्स. तिनं दारातच हात जोडले आणि हिंदीत विचारलं की वांग्याची कलमं बांधणाऱ्या हुशार मॅडम त्या तुम्हीच ना.

"मी नाही," मी म्हणाले. "ती माझी धाकटी जाऊ." पर्स मी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मागं जाळीत आहे. या, मी दाखवते."

जाऊ रोपांवर वाकलेली होती. तिनं बाईला पाहिलं, मग मला. "ताई, चहा ठेवता का?" ती म्हणाली. "माझे हात मातीचे हायत."

मी आत जाऊन तीन कप चहा ठेवला.